बिघडवायला एक बाथरूम

आमच्या मंडळाने एका बाईला लादी बसवायला शिकवलं आणि मग तिला इतके नारळ दिले की तिच्या टिटवाळ्याच्या खोलीत ते ठेवायला जागा उरली नाही. काम मात्र एकही दिलं नाही. हे सगळं मी, मंडळाचा कार्यवाह, मनापासून आणि चांगल्या हेतूने घडवून आणलं. वाईट हेतूने केलं असतं तर कदाचित इतकं नीट जमलं नसतं.

मला अपराधी वाटायला फारसं निमित्त लागत नाही. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तरी माफी मीच मागतो. आमच्या डोंबिवलीच्या घराच्या गॅलरीसमोर एक टॉवर उठत होता आणि सकाळी मी चहा घेऊन बसलो की समोर बायका डोक्यावर रेती, विटा, लाद्यांची खोकी घेऊन जिना चढताना दिसायच्या. माझा चहा कडू व्हायचा. बायको म्हणाली, "इतकं वाईट वाटतंय तर तिकडे पाठ करून प्या." मी खुर्ची फिरवली. मग पाठीमागून वाईट वाटायला लागलं. शेवटी मी विषय मंडळाच्या बैठकीत मांडला.

आमचं मंडळ ठाण्यात, कोपरीला भरतं. अध्यक्षांच्या घराण्याची पूर्वी मिठागरांत मजुरी होती, आता त्याच बाजूला त्यांच्या इमारती आहेत, आणि त्यांतल्या एकीचा तळमजल्यावरचा हॉल ते मंडळाला फुकट देतात. "आमच्या आजीनं जन्मभर डोक्यावर मीठ वाहिलं," ते भरल्या आवाजात म्हणाले, "बायकांना हातात हुन्नर द्यायलाच पाहिजे." एक सदस्य म्हणाले, "पण गवंडीकाम नको हो. बायका उन्हात काळवंडतील." त्यावर आमच्या एक निवृत्त शिक्षिका सदस्य म्हणाल्या, "आत्ता काय त्या बर्फात उभ्या आहेत?" तेव्हा मधला मार्ग म्हणून लादीकाम ठरलं, कारण ते घराच्या आत चालतं. उरलेला वेळ योजनेला नाव ठरवण्यात गेला. नाव इतकं भारदस्त ठरलं की ते एका फलकावर मावेना, दोन करावे लागले.

शिकवायला मी आमच्या ओळखीच्या लादीच्या मिस्त्रीला गाठलं. मूळचा सातारकडचा, पन्नाशीचा. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कितीतरी सोसायट्यांत त्याच्या हातच्या लाद्या आहेत. मानधन ऐकून तो हो म्हणाला, पण बैठकीत येऊन त्याने एक शंका विचारली.

"साहेब, बायकांना बोलायचं कसं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी पोरांना तोंडानं शिकवतो. एखाद्यानं लादी वर-खाली बसवली की त्याच्या अकलेचा उद्धार केला, की पुढची लादी तो नीट बसवतो. हितं कसं करायचं?"

"सन्मानाने!" अध्यक्ष म्हणाले. "प्रत्येकीला ताई म्हणायचं. आवाज चढवायचा नाही."

मी हे नियमांत घातलं. ठळक अक्षरांत. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

वर्ग सुरू झाला. बायका यायच्या, मातीवर लाद्या मांडायच्या, उचलायच्या, पुन्हा मांडायच्या. हॉलमध्ये पाणी वापरायचं नाही असं ठरलं होतं, कारण संध्याकाळी तिथे ज्येष्ठ नागरिकांचा योगाचा वर्ग असे आणि ओल्या जमिनीवर शवासन करायला कोणी तयार नव्हतं. मिस्त्री खुर्चीवर बसून म्हणायचा, "छान, ताई." लादी वाकडी असली तर म्हणायचा, "छान, ताई, जरा बघा." मी कधीमधी ऑफिसातून परस्पर जायचो तर तो मला बाजूला घेऊन म्हणे, "साहेब, माझं तोंड दुखायला लागलंय."

हळूहळू बायका गळत गेल्या. कोणाला स्वयंपाकाची कामं मिळाली, कोणाचं बिऱ्हाड हललं. शेवटी टिकून राहिली ती एकटी, टिटवाळ्याहून येणारी. पस्तिशीची असेल. नवरा टेम्पो चालवायचा, मुलगी शाळेत होती. आम्ही तिला शोधून काढलं, असं मी भाषणात म्हणायचो. खरं तर मिस्त्रीच्याच कामांवर ती कित्येक वर्षं लाद्या वाहत होती. मान आता दुखून यायची, उजवीकडे पुरती वळायचीही नाही. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं की तुम्हाला हे का शिकावंसं वाटलं. मला काहीतरी प्रेरणादायी हवं होतं.

"काका," ती म्हणाली, "लादी सातव्या मजल्यापर्यंत मी नेते. तिथनं खाली जमिनीवर ठेवायला मात्र गडी लागतो. एवढी शेवटची वीतभर माझ्यानं व्हायची नाही होय?"

हे वाक्य मी पुढे तीन भाषणांत वापरलं. तिला विचारलं नाही.

वर्ग संपताना मिस्त्रीने तिला आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. दसऱ्यानंतर टिटवाळ्याला एका नव्या इमारतीचं काम त्याच्याकडे येणार होतं. तिच्या घरापासून चालत जाण्यासारखं. तिथे लादी बसवायला हाताखाली एक माणूस घ्यायचा होता. "ताईंना घेतो. पण त्याआधी एक बाथरूम त्यांनी एकटीनं करून दाखवायचं. राहत्या घरातलं. फोडण्यापासून पाणी सोडण्यापर्यंत. हॉलमधलं खेळणं चालायचं नाही."

"आणि नाही झालं तर?" तिने विचारलं.

"तर काम आहेच की. खोकी चढवायला माणसं लागतातच."

ती मानेवरून हात फिरवत माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "एक बाथरूम? अहो, आमच्या सोसायटीत साठ घरं आहेत. तुम्ही काळजीच सोडा."

आमच्या सोसायटीचाही सेक्रेटरी मीच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मी लांबलचक मजकूर टाकला. त्यावर हात जोडलेल्या, टाळ्या वाजवणाऱ्या आणि दंड फुगवणाऱ्या इतक्या चित्रांचा पाऊस पडला की वॉचमनला लिफ्ट बंद असल्याचं सांगायला जागा मिळेना. ज्यांची बाथरूमं गळतात ती घरं मला पाठ होती, तक्रारी माझ्याकडेच येत. मी तिला घेऊन निघालो.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दारातच तिचे हात हातात घेतले. "अगं बाई, हीच का ती! बस, बस. किती कौतुक वाटतं गं." चहा आला, चिवडा आला. तिने दोनदा विचारलं, "बाथरूम बघू का?" वहिनी म्हणाल्या, "अगं, आधी खा तरी!" निघताना तिची ओटी भरली. ब्लाउजपीस, तांदूळ, नारळ. बाथरूमचं विचारलं तर म्हणाल्या, "करायचंय हो. पण यांना वाटतं एकदम किचनबरोबरच काढावं. पुढच्या वर्षी."

त्यांच्या बाथरूमच्या नळाचं पाणी टपटपताना आम्हाला हॉलपर्यंत ऐकू येत होतं.

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ बँकेतले. त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढला. म्हणाले, "आमचं बाथरूम द्यायला काहीच हरकत नाही, पण तिला एवढ्या घाणीत काम करायला लावणं मलाच बरं वाटत नाही." इतकं सुंदर कारण मला सुचलं नसतं म्हणून मला थोडा हेवासुद्धा वाटला. पाचव्या मजल्यावर पुन्हा ओटी. सहाव्यावर भाऊबीजेची आधीच ठरलेली साडी तिला आगाऊ दिली गेली. कुठेही कोणी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान वाद घालता आला असता.

खाली उतरताना नारळांची पिशवी तिच्या हातात होती. मी म्हणालो, "द्या, मी घेतो."

"राहू द्या काका. ओझं वाहायचा मला सराव आहे."

मग नवरात्र आलं. सोसायटीच्या महिला मंडळाने रोज एका कर्तबगार बाईचा सत्कार ठरवला होता. एक दिवस डॉक्टर, एक दिवस पीएसआय, आणि एक दिवस लादीवाली. निरोप माझ्यामार्फत गेला: थापी घेऊन यायचं आणि त्या दिवशीच्या रंगाची साडी नेसायची. तिने फोनवर विचारलं, "साडी त्या रंगाची आहे माझ्याकडं. तिथं कोणाचं बाथरूम भेटेल का?"

"लोकांसमोर विषय निघेल," मी म्हणालो.

ती दिवसाची मजुरी बुडवून आली. ठाण्याहून अध्यक्षही आले, मिस्त्रीही आला. शाल, श्रीफळ, हार झाला. अध्यक्षांनी फोटोसाठी तिची थापी हातात घेतली, पण दांड्याने नाही, पात्याकडून, आरती धरल्यासारखी. मी बोललो. शेवटची वीतभर, वगैरे. काही जणींनी डोळे पुसले. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माइक हातात घेतला आणि म्हणाली, "नमस्कार. कोणाचं बाथरूम गळतंय का?"

हशा झाला. टाळ्या झाल्या. किती साधी आहे, असं माझ्या शेजारची बाई दुसरीला म्हणाली. कोणाचंच बाथरूम गळत नव्हतं. साठ घरांची सोसायटी एका रात्रीत कोरडी ठणठणीत झाली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याच घराचं बाथरूम गळत होतं. आमच्या खाली राहणाऱ्या आजोबांच्या छताला ओल आली होती, नेमकी त्यांच्या देव्हाऱ्यावर. ते सभ्य गृहस्थ. देवांना त्यांनी छोटी छत्री लावली होती आणि मला भेटले की फक्त वर बघायचे. मी तिला घरोघर नेत असताना आमच्या घराचा मजला न थांबता ओलांडायचो. मी मनाला सांगत होतो की सेक्रेटरीने स्वतःचंच काम आधी करून घेतलं तर लोक म्हणतील योजनेचा फायदा घेतला. हे कारण मला पटलं होतं. पटलं नसतं तर मी मिस्त्रीला गुपचूप फोन करून "आमचं तुम्ही स्वतः येऊन करा" असं सांगितलं नसतं.

सत्कार संपल्यावर बायको तिला आणि मिस्त्रीला चहाला घरी घेऊन आली. मिस्त्रीने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि सहज म्हणाला, "साहेब, तुमच्या बाथरूमचं कधी धरू मग?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. टिटवाळ्याच्या बाईने सत्काराच्या शालीची घडी घालता घालता मान वळत होती तेवढी वळवून आतल्या बाजूला पाहिलं.

"घ्या!" ती म्हणाली. "काकांचं पण गळतंय होय!"

"नाही, म्हणजे तसं थोडंसंच," मी म्हणालो. "मी सांगणारच होतो..."

"ही करेल," बायको म्हणाली.

"अगं पण..."

"अगं पण काय? मघाशी माइकवर तर लोकांना रडवत होतात."

"माझं म्हणणं एवढंच की समजा काही बिघडलं, तर आजोबांच्या देवांवर..."

तिने शाल बाजूला ठेवली. "काका, एक विचारू? तुमच्या ह्या हॉलची लादी कोणी बसवली?"

मिस्त्री चुळबुळला. "आम्हीच."

"ही टीव्हीखालची तिरकी गेलीय. ही कोणी?"

"ते एक पोरगं होतं. नवीन होतं तेव्हा. आता दुबईला आहे."

"बघा," ती मला म्हणाली. "त्या पोरानं तुमच्या घरात बिघडवलं म्हणून तो शिकला. मला कोणी बिघडवूच देत नाही. बिघडवलं नाही तर शिकू कुठनं? नारळ फोडून?"

बावीस वर्षं मी त्या तिरक्या लादीसमोर बसून बातम्या पाहत आलोय. मला ती कधी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छिन्नी-हातोडा घेऊन आली. आमची आंघोळीची सोय खालच्या आजोबांकडे झाली. त्यांच्या छत्रीखालच्या देवांना नमस्कार करूनच मला बाथरूममध्ये जावं लागे. बातमी पसरली आणि वहिनी मंडळी जमायला लागली. कोणी सरबत आणलं, कोणी "जरा टेक गं" म्हणून स्टूल. पाचव्या मजल्यावरून एक शाल आली. बायको दारात झाडू घेऊन उभी राहिली. "सत्कार काम झाल्यावर," ती म्हणाली. "आत्ता कोणी आत आलं तर मलबा उचलायला लावीन." दार रिकामं झालं.

मलाही घालवलं गेलं. मी दर थोड्या वेळाने जाऊन "काही हवंय का? दमला असाल. पंखा आणू?" असं विचारत होतो. सिमेंटने माखलेल्या हाताने तिने केस मागे केले आणि म्हणाली, "काका, तुम्ही ऑफिसला जावा बरं."

जुनं फोडून झालं, गळती रोखायचा थर झाला, त्यावर पाणी कोंडून झालं. मिस्त्री खाली जाऊन आजोबांचं छत बघून आला आणि म्हणाला, "छान, ताई." मग तिने लाद्या बसवल्या. सरळ, सांधे एकसारखे. मला तर डोळे भरून आले. दसरा दोन दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची परीक्षा. मिस्त्री आला, आजोबा वर आले, आम्ही नवरा-बायको होतोच. तिने बादली उचलली आणि भिंतीजवळ पाणी ओतलं.

पाणी क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं. मग ते जाळीकडे पाठ फिरवून शांतपणे दाराकडे निघालं, उंबरा ओलांडला आणि पॅसेजमधून आमच्या पायांखालून हॉलमध्ये गेलं.

"छान!" मी म्हणालो. माझे दोन्ही मोजे भिजले होते. "फार छान झालंय! पहिल्या प्रयत्नाच्या मानाने..."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. ढाळ उलटा गेला होता. ढाळ शिकायला पाणी लागतं आणि मंडळाच्या हॉलमध्ये पाण्याला बंदी होती. हे मला भिजल्या मोज्यांत उभं असताना समजलं. मिस्त्री पाण्याकडे बघत होता. त्याच्या जबड्याची हालचाल होत होती.

"छान..." तो कसाबसा म्हणाला, "छान, ताई, जरा..."

"बोला ना, मिस्त्री," ती म्हणाली. "पोरांना बोलता तसं बोला."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आपण सौम्यपणे घेऊ या," मी म्हणालो. "नियमांत आहे ना..."

"काका, तुम्ही गप बसा!" ती माझ्यावर खेकसली. आणि मिस्त्रीकडे वळून, "बोला! छान म्हणून मला खोकी वाहायला पाठवणार ना? छान म्हटलं की संपलं माझं. बोला काय ते!"

मग मिस्त्रीचं इतक्या महिन्यांचं तोंड उघडलं.

"डोळे काय घरी ठेवून आली का गं? पाण्याला काय हॉलमध्ये बसून टीव्हीवर सिरियल बघायचीय? जाळी कशाला ठेवलीय तिथं, नवस फेडायला? दोरी कुठनं धरलीस? दारातनं? जाळीकडनं धरायची, गाढवे, जाळीकडनं! हॉलमधली जमीन आणि न्हाणीची जमीन एक असती का? उचल! दाराकडनं चार ओळी उचल सगळ्या! आत्ताच्या आत्ता, अजून कच्चंय तोवर!"

जिन्यात दारं उघडल्याचे आवाज आले. मी मध्ये पडायला पुढे झालो, तर बायकोने माझा शर्ट मागून धरला. लादीवाली खाली बसली होती आणि छिन्नी लावून लादी उचलत होती, भराभर. मिस्त्री तिच्या डोक्यावर उभा राहून बरसत होता आणि मधूनच वाकून बोटाने दाखवत होता, "हितनं. एवढं खाली घे. आणखी. डोळ्यानं नको, पाण्यानं बघ. थोडं ओत. कुठं चाललंय?"

"जाळीकडं."

"सगळं?"

"कोपऱ्यातलं राहतंय."

"मग कोपरा काय तुझा सासरा येऊन करणार?"

ती हसली. काम करता करताच हसली. आजोबा माझ्या कानात म्हणाले, "फार टाकून बोलतो हो." पण ते गेले नाहीत, शेवटपर्यंत बघत उभे राहिले. दुपारी उशिरा पाणी ओतलं तेव्हा ते सगळं जाळीत गेलं; एका कोपऱ्यात बशीएवढं साचलं. त्यावरून मिस्त्री पुन्हा ओरडला. हात धुता धुता, आवाज न उतरवता, तो म्हणाला, "आणि टिटवाळ्याला येताना स्वतःची थापी घेऊन यायची. माझी मिळायची नाही. उशीर केलास तर परत धाडीन."

"येते," ती म्हणाली. ताई तिला त्यानंतर त्याने म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. सोसायटीतून कोणीतरी त्यांना कळवलं होतं. "आपल्या प्रशिक्षणार्थीचा अपमान झाला म्हणे! गाढव म्हणाला? हे मंडळ सहन करणार नाही. निषेधाचा ठराव लिहा."

मी दोन दिवस ठराव लिहायचा प्रयत्न केला. मला निषेध चांगला लिहिता येतो, पण या वेळी कोणाचा करायचा तेच ठरेना. शेवटी तिला फोन केला. मागे हातोड्याची ठकठक आणि मिस्त्रीचा आवाज येत होता. कोणाला तरी, बहुधा तिलाच, तो आंधळी म्हणत होता.

"काका, निषेध-बिषेध नका करू," ती घाईत म्हणाली. "त्यापेक्षा एक करा. माझ्याबरोबर खोकी वाहणारी एक होती ना, ती पण शिकते म्हणते. मिस्त्री म्हणतात, तिनं पण एक करून दाखवावं. बघा कुणाचं मिळतंय का. काकू म्हणत होत्या तुमचा संडासही काढायला झालाय."

"तसा तो ठीकच आहे अजून," मी म्हणालो.

फोन ठेवून मी संडासाचं दार उघडलं आणि दिवा लावला. तीन लाद्यांना भेगा होत्या आणि भिंतीला ओल होती. मागून बायकोने विचारलं, "काय ठरलं?"

शेजारच्या बाथरूमच्या त्या कोपऱ्यात सकाळचं बशीभर पाणी अजून तसंच होतं. मी ते पायाने जाळीकडे ढकललं आणि म्हटलं, "तिच्या त्या खोकीवाल्या मैत्रिणीला सोमवारी यायला सांग."